रिंगा बदलल्या तरी गाडी पुन्हा ऑइल खाते? पिस्टन धुवायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमीचीच आहे. गाडी निळा धूर मारायला लागते, हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर ऑइल कमी होतं, म्हणून इंजिन उघडून नव्या रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, टाकल्या जातात. दोन-तीन महिने गाडी झकास चालते. मग पुन्हा सकाळी धूर, पुन्हा डिपस्टिक कोरडी आणि मालक पुन्हा दारात. "मिस्त्री, एवढे पैसे घातले, मग झालं काय?"

झालेलं असतं एवढंच, की रिंगा झिजल्या हे आपण बघितलं आणि त्या कशामुळे झिजल्या हे बघितलं नाही. ते कारण पहिल्यांदा बाहेर काढलेल्या पिस्टनवर दिसत होतं. काजळीच्या रंगात होतं, स्कर्टवरच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवरच्या, ओरखड्यांत होतं, बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या काळ्या पट्ट्यात होतं. आपण पोराला सांगितलं "डिझेलमध्ये टाक, घासून स्वच्छ कर", आणि अर्ध्या तासात सगळा पुरावा ट्रेच्या तळाशी गेला.

माझं गॅरेज चिपळूण-गुहागर रस्त्यावर आहे. ही चूक माझ्या हातूनही झाली आहे आणि त्यात एका गुरुजींचे पैसे दोनदा गेले. त्यांचीच गाडी घेऊन सांगतो, म्हणजे नीट कळेल.

चार सिलिंडरची लहान पेट्रोल गाडी, ८० हजारांच्या आसपास चाललेली. धूर आणि ऑइल ही तक्रार. मी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. पहिल्यात १६५ पीएसआय, दुसऱ्यात १६०, तिसऱ्यात १४५, चौथ्यात १६३. प्लगच्या भोकातून चमचा-चमचा ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर चारही आकडे दहा-बारानं वर आले. मी म्हटलं, ऑइलनं आकडा वाढला म्हणजे रिंगा गेल्या. इंजिन उघडलं, पिस्टन धुतले, होनिंग केलं (बोअर बारीक दगडानं घासून घेतला), रिंगा टाकल्या, बांधलं. पाच हजार किलोमीटरनंतर गाडी परत आली.

आज ते आकडे बघताना चूक सरळ दिसते. ऑइल सोडल्यावर चारही सिलिंडर सारखेच वाढले. म्हणजे तिसऱ्यात जी वीसेक पीएसआयची तूट होती ती ऑइलनं भरून निघालीच नाही. रिंगेतून गळती असती तर तिसऱ्याचा आकडा उडी मारून बाकीच्यांच्या जवळ आला असता. न वाढता तिथेच राहिला असता तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सील करणाऱ्या थराचा) संशय घेतला असता. इथे मात्र तूट जशीच्या तशी. याचा अर्थ पुढे सांगतो.

उघडण्याआधी घाट

कोकणात आपल्याला एक तपासणी फुकट मिळाली आहे. ती म्हणजे घाट. पेट्रोल गाडी असेल तर मालकाच्या शेजारी बसून एकदा घाट चढा आणि उतरा, आणि मागे दुसऱ्या गाडीत कुणाला तरी धुरावर नजर ठेवायला सांगा. चढताना जोर लावल्यावर सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगा-पिस्टनवर. उतरताना गाडी गिअरवर सोडली, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला, आणि खाली सपाटीला येऊन पुन्हा पाय दिल्याबरोबर एकदम निळा लोट आला, तर आधी व्हॉल्व्ह सील आणि गाइड बघा. उतरताना थ्रॉटल बंद असतो, आत जोरात व्हॅक्यूम तयार होतो आणि तो व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली ओढतो. साठलेलं ते ऑइल पाय दिल्यावर जळतं. डिझेलला हे लागू करू नका, तिथे तसा व्हॅक्यूम होत नाही. परशुराम घाट उतरून खाली लोट सोडणाऱ्या एका गाडीच्या रिंगा बदललेल्या मी बघितल्या आहेत. काम सीलचं होतं, हेडच्या वरच उरकलं असतं.

पिस्टन बाहेर आल्यावर

धुवायचं नाही. रिंगा काढायच्या नाहीत. वर्तमानपत्र अंथरून चारही पिस्टन रॉडसकट, म्हणजे क्रँकला जोडणाऱ्या दांड्यासकट, क्रमानं मांडा, माथ्यावरचा बाण ज्या दिशेला होता त्याच दिशेला तोंड करून. नंबर मार्करनं घाला, छन्नीनं नको. प्रत्येकासमोर त्याचाच स्पार्क प्लग आणि त्याचीच बेअरिंगची शेल (रॉडच्या खालच्या टोकातला अर्धगोल पत्रा) ठेवा. हेड उलटं करून शेजारी ठेवा. मग उजेडात, शक्यतो उन्हात, फोटो काढा. पावसाळ्यात शटरच्या आत पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत काळा आणि तपकिरी एकच दिसतो.

पहिला प्रश्न एकच: चारही सारखे आहेत का? सारखेच खराब असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, म्हणजे ऑइल, हवा, कूलिंग किंवा चालवण्याची पद्धत. एकच वेगळा दिसत असेल तर कारण त्या सिलिंडरचं स्वतःचं आहे. हा एक प्रश्न विचारला तर निम्मं काम होतं. बाकीच्या खुणा त्यानंतर.

माथ्यावरची काजळी

बऱ्या चाललेल्या पेट्रोल इंजिनाच्या माथ्यावर पातळ, कोरडा, तपकिरी ते करडा थर असतो. नखानं खरवडला तर भुकटी निघते. तो पाहून घाबरू नये.

मऊ, कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी दिसली, बोट लावलं की काळं होतं, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा इंजिन कधी नीट तापतच नाही. आपल्याकडे हे दुसरं कारण फार. घर ते बाजार दोन किलोमीटर, बाजार ते घर दोन किलोमीटर. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल किंवा कुणी "गरम होते" म्हणून काढूनच टाकला असेल, तरी हेच दिसतं.

जाड, कडक, चकचकीत, जागोजागी पापुद्रे सुटलेला थर असेल तर तिथे ऑइल जळलंय. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हाच थर पांढुरका, राखेसारखा दिसतो, कारण गॅसची स्वतःची काजळी फारशी नसते आणि ऑइलमधल्या रसायनांची राख तेवढी उरते. आता बघा, हे ऑइल कुठून आलं. माथ्याच्या मध्यावर जाड थर, पण कडेनं सभोवार अर्धा-एक सेंटिमीटर ॲल्युमिनियम धुतल्यासारखं उघडं, तर ऑइल खालून, रिंगांच्या बाजूनं वर येतंय आणि कडेची काजळी धुऊन नेतंय. कड कोरडी काळी आहे, पण इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूला थर जाड आहे आणि त्या व्हॉल्व्हच्या पाठीवर डांबरासारखा चिकट गोळा बसलाय, तर ऑइल वरून, सीलमधून उतरतंय.

तीन माथे काळे आणि एक वाफेनं धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर तिथे पाणी जात होतं. हेड गॅसकेट त्याच बाजूला बारकाईनं बघा, हेडची सपाटी पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. समुद्राकाठच्या वाड्यांतून येणाऱ्या गाड्यांत ही खूण मला बऱ्याचदा दिसते. रेडिएटरमध्ये कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं विहिरीचं मचूळ पाणी घातलेलं असतं. क्षारांनी वाटा बुजतात, खारेपणा ॲल्युमिनियमचं हेड खातो, आणि गॅसकेटच्या कडेला खड्डे पडून तिथूनच पाणी आत शिरतं. नुसतं नवं गॅसकेट घालून ते टिकत नाही, हेड प्लेन करून घ्यावं लागतं. कूलंट महाग वाटतो, पण हेडपुढे तो काहीच नाही.

माथ्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, बारीक बारीक खड्ड्यांची झाली असेल, किंवा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली भिंत तडकली असेल, तर ते नॉकिंग. घाटात चौथ्या गिअरवरच गाडी खेचत न्यायची सवय, भेसळीचं पेट्रोल, किंवा आत साठलेला कार्बनच. कार्बन जागा अडवतो, कॉम्प्रेशन वाढवतो आणि उष्णता धरून ठेवतो. या पिस्टनात नव्या रिंगा घालण्यात अर्थ नाही, ती भिंत पुन्हा तुटणार. माथ्याच्या मधोमध वितळून भोक पडलं असेल तर ते वेगळं: ठिणगीच्या आधीच पेट घेत होता. प्लगचा हीट नंबर बघा, कार्बनचा लाल होणारा तुकडा शोधा. डिझेलमध्ये माथा एकाच ठिकाणी वितळला किंवा कोरला गेला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर टेस्टिंगला पाठवल्याशिवाय इंजिन बांधू नका.

रिंगा आणि खाचा

रिंगा काढण्याआधी प्रत्येक रिंग बोटानं खाचेत फिरवून बघा. फिरते का? ऑइल रिंग, म्हणजे सर्वांत खालची, खाचेत कार्बननं चिकटली असेल आणि तिच्यामागची ऑइल परत जायची भोकं बुजली असतील, तर दुसरीकडे कारण शोधायची गरज नाही. रिंग झिजलेली नसते, अडकलेली असते. ऑइल वेळेवर न बदलणं आणि छोट्या फेऱ्या हेच बहुधा मूळ. इथे नुसत्या रिंगा घालून भोकं तशीच ठेवली तर तीन महिन्यांत गाडी परत येतेच. भोकं ड्रिलच्या बिटनं हातानं, हलकेच मोकळी करावीत, मोठी करू नयेत. खाच साफ करायला जुन्या रिंगेचा तुकडा चालतो, पण खाचेच्या भिंतीला ओरखडा गेला तर तिथून नवी रिंग कधीच सील धरत नाही. माथ्यावर वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर मारू नका. रात्रभर भिजवा, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. अर्थात हे सगळं फोटो काढून झाल्यावर.

आता रिंगांची झीज. ही खूण मला माझ्या उस्तादांनी दाखवली आणि आयुष्यभर उपयोगी पडली. वरची रिंग खूप झिजलीय आणि ऑइल रिंग त्या मानानं ठीक आहे, तर धूळ हवेच्या वाटेनं आली. उलट ऑइल रिंग जास्त झिजलीय आणि वरची बरी आहे, तर घाण ऑइलमधून आली.

हवेच्या वाटेनं येणारी धूळ म्हणजे आपली तांबडी माती. चिरेखाणींच्या रस्त्यावर, महामार्गाच्या कामाजवळ, मे महिन्यात झाडंसुद्धा तांबडी होतात. त्या धुळीनं झिजलेला पिस्टन ओळखू येतो: स्कर्टवर मूळच्या यंत्रकामाच्या रेषा गेलेल्या, त्या जागी करडा, निस्तेज पट्टा आणि बारीक उभे ओरखडे, सगळ्या सिलिंडरांत थोड्याफार फरकानं सारखे. अशा वेळी एअर फिल्टर नवा टाकून समाधान मानू नका. फिल्टरच्या पुढचा, म्हणजे फिल्टर ते थ्रॉटलमधला पाइप आतून पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडकं तांबडं झालं तर धूळ फिल्टरला वळसा घालून येतेय. फिल्टर बसवायच्या जागेत सैल असेल, खोक्याची क्लिप तुटलेली असेल, किंवा पाइपला उंदरांनी भोक पाडलेलं असेल. घराशेजारी भाताची उडवी असलेल्या गाड्यांत हे शेवटचं कारण मी हमखास शोधतो.

ऑइलच्या वाटेनं येणाऱ्या घाणीत एक घाण आपणच घालतो, ती म्हणजे होनिंगची. होनिंगच्या दगडाचा बारीक चुरा बोअरच्या रेषांत रुतून बसतो. डिझेल किंवा पेट्रोलच्या फडक्यानं तो निघत नाही, उलट आणखी आत बसतो. बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशनं धुवावा लागतो. मग कोरडा करून ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवायचं. फडकं करडं आलं तर पुन्हा धुवायचा. आपल्या दमट हवेत धुतलेला बोअर घटकाभरात तांबेरतो, म्हणून ऑइलचा हात लगेच. ज्या गाड्या रिंगा टाकल्यावर पाच हजारांत परत येतात त्यांतल्या कित्येकांचं कारण एवढंच असतं.

दुसरं असंच आपल्या हातचं कारण म्हणजे दुसरी रिंग उलटी बसणं. तिची धार किंचित तिरकी असते, ऑइल खाली खरवडून न्यायला. उलटी बसली की ती ऑइल वर ढकलते. अक्षर किंवा ठिपका असलेली बाजू माथ्याकडे. चारही पिस्टनांत ही रिंग उलटी बसलेली मी एकदा काढली आहे. बांधणारा मन लावून, पण प्रत्येक वेळी तीच चूक करत गेला होता.

बोअर किती झिजला हे मोजायला मोठं उपकरण नसेल तर एक सोपी रीत आहे. नवी रिंग बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टननं सरळ खाली ढकला, अगदी खालच्या न झिजलेल्या भागात. फीलर गेजनं तोंडाची फट मोजा. मग तीच रिंग वर, जिथे झीज सर्वांत जास्त तिथे आणून मोजा. दोन्हींतला फरक भागिले ३.१४, एवढी व्यासातली झीज. समजा खाली ०.३० मिमी आणि वर ०.६० मिमी आली, तर बोअर वर जवळपास ०.१ मिमी मोठा झालाय. अशा बोअरमध्ये नवी रिंग दर फेरीला उघडझाप करत राहते आणि लवकर मरते. तिथे मालकाला रिबोअर, म्हणजे बोअर मोठा करून घेणं, सांगायचं, त्याला खर्च जड वाटला तरी. खालची फट किती असावी हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. अंदाजाला म्हणून, साध्या पेट्रोल इंजिनात वरच्या रिंगेची फट बोअरच्या हजारात चार भाग धरतात, ७५ मिमीला ०.३० मिमी.

चाकरमान्यांच्या गाड्या

हा आपल्याकडचा खास रोग आहे. गाडी गावच्या घरी मांडवाखाली झाकून ठेवलेली, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत चालणारी. चार महिने पावसाची ओल आणि खारा वारा. इंजिन बंद पडताना एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि तिथून दमट हवा आत जाते. पिस्टन जिथे थांबलेला असतो तिथे रिंगांच्या उंचीवर बोअरला गंजाची आडवी रेघ धरते. उभे ओरखडे घर्षणाचे, आडवी रेघ थांबण्याची. गणपतीत गाडी थेट सेल मारून सुरू केली की नव्या-जुन्या सगळ्या रिंगा त्या गंजावरून घासतात.

यावर बहुतेक जण शेजारच्या काकांना चावी देऊन ठेवतात, "आठवड्याला पाच मिनिटं चालू करा" म्हणून. काका प्रामाणिकपणे करतात, आणि गाडी अजून बिघडते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलं तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पाच मिनिटांत ते आतच साठतं, ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी पिवळी साय तीच. माथ्यावर ओली काळी काजळी, खाचेत चिकटलेल्या रिंगा, हे त्या पाच मिनिटांचं फळ. काकांना सांगायचंच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून वीसेक किलोमीटर फिरवून आणायला सांगा. तेवढं जमत नसेल तर चालूच करू नका. गणपतीत आल्यावर मेकॅनिककडून प्लग काढून घ्या, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल, तासभर थांबायचं, पुलीचा नट पान्यानं धरून इंजिन हातानं दोन-चार फेरे फिरवायचं, मग प्लगशिवाय सेल, आणि शेवटी प्लग लावून सुरू.

स्कर्ट

पिस्टन एका बाजूला जास्त घासतो, हे नैसर्गिक आहे. पॉवर स्ट्रोकला क्रँकपिन जिकडे झुकते तिच्या उलट भिंतीवर तो दाबला जातो. तिथे मध्यभागी हलकी चकाकी असणं योग्य.

फक्त त्याच बाजूला खोल उभे ओरखडे असतील तर ऑइल पोचत नव्हतं. लेव्हल, ऑइल पंप, गाळणी बघा. ओरखडे चार कोपऱ्यांवर, म्हणजे गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही तोंडांच्या अलीकडे-पलीकडे असतील, तर पिस्टन बोअरपेक्षा लवकर फुगला. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. थंडगार गाडी काढून पाच मिनिटांत भरल्या वजनानं घाट चढवली, किंवा पाणी संपून इंजिन तापलं, की हे चार कोपरे पकडतात. नवा पिस्टन बसवताना फट मॅन्युअलपेक्षा कमी ठेवली असेल तरी पकडतो, पण तेव्हा खुणा दोन्ही बाजूंना सभोवार असतात.

आणि खुणा तिरप्या असतील, म्हणजे स्कर्टच्या एका बाजूला डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, माथ्याजवळची कड पिनच्या एका टोकावर घासून चकचकीत आणि दुसऱ्या टोकावर काळीच, तर पिस्टन वाकडा चालत होता. पिस्टन स्वतःहून वाकडा चालत नाही. रॉड तपासायचा.

गुरुजींची गाडी, दुसऱ्यांदा

दुसऱ्यांदा उघडली तेव्हा मी काहीच धुतलं नाही. तीन माथे सारखे तपकिरी. तिसऱ्याची कड धुतलेली, आणि स्कर्टवर वर सांगितली तशी तिरपी घासण. बेअरिंगची शेल समोरासमोरच्या कडांना चमकलेली, मधे नाही.

मग बोअर बघितला. रिंग जिथपर्यंत पोचते त्याच्या वर बोअरला काजळीचा एक पट्टा असतो. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्यात त्याची रुंदी सारखी. तिसऱ्यात पट्टा स्पष्टपणे रुंद. म्हणजे तिसरा पिस्टन बाकीच्यांइतका वर येतच नव्हता. एक-एक पिस्टन पूर्ण वर आणून ब्लॉकच्या सपाटीपासूनची खोली मोजली, तर तिसरा ०.८ मिमी खाली. रॉड आखूड झाला होता, म्हणजे वाकला होता. वर जागा जास्त राहिली म्हणून कॉम्प्रेशन कमी, आणि ऑइल सोडलं तरी ती जागा तेवढीच, म्हणून तूट तशीच. पहिल्या वेळी हाच पट्टा दोन रंगांचा असला पाहिजे, वर जुना कडक थर आणि खाली नंतर धरलेला नवा. तो आम्ही होनिंगच्या आधी खरवडून टाकला होता.

गुरुजींना विचारलं, गाडी कधी पाण्यात गेली होती का? ते म्हणाले, पुरात नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा गाडी घरी, उंचावर होती. मग थोडं थांबून म्हणाले, त्याच पावसात वहाळावरून पाणी जात होतं, त्यातून काढताना बंद पडली होती. कुणी तरी प्लग काढून पाणी उडवलं, सुरू झाली, घरी आले.

इथेच फसगत होते. पुरात उभी असलेली गाडी आणि पाण्यातून चालवलेली गाडी, या दोन वेगळ्या. उभ्या गाडीच्या आत पाणी गेलं तरी सेल मारायच्या आधी काढलं तर रॉड वाचतो, धोका गंजाचा असतो. चालत्या इंजिननं पाणी ओढलं की ते दबत नाही आणि रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर गाडी सुरूही होते आणि वर्ष-दोन वर्षं चालतेही. फक्त पिस्टन कलता चालतो, रिंगा बोअरला सपाट टेकत नाहीत, ऑइल वर येतं. कुणालाच पाण्याची आठवण राहत नाही. आणि असा रॉड एक दिवस तुटून ब्लॉक फोडू शकतो. म्हणून आता ऑइल खाणारी गाडी आली, की मी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो, आणि "पुरात होती का" असं न विचारता "पाण्यात कधी बंद पडली होती का" असं विचारतो.

वाकलेला रॉड सरळ करून घालू नका, लेथवाला कितीही खात्री देवो. त्याच वजनाच्या गटातला नवा रॉड, नवा पिस्टन, नवी शेल घातली. बोअर मोजले, मर्यादेत होते, होनिंग केलं, साबणानं तीनदा धुतले. बांधायच्या आधी चारही पिस्टनांची खोली पुन्हा मोजली, चारही सारखी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत पाच पीएसआयच्या आत. पहिल्या हजार किलोमीटरला एकाच वेगात लांब पल्ला नाही, उभ्या उभ्या चालू ठेवणं नाही, मग ऑइल बदल.

दुसऱ्या वेळची मजुरी मी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. गुरुजी दर महिन्याच्या एक तारखेला डिपस्टिक बघून वहीत लिहितात. गेल्या ऑइल बदलाला वही घेऊन आले होते: नऊ हजार किलोमीटरला ऑइल वरच्या खुणेपासून बोटाच्या पेराएवढंही खाली आलेलं नव्हतं.